फणसाच्या पाटावरचे तीस डाग

फणसाच्या लाकडाचा तो पाट माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही. ठाण्यात मी बावीस वर्षं काम केलं. चोऱ्या, मारामाऱ्या, बुडालेल्या होड्या, घर सोडून गेलेल्या मुली, सगळं पाहिलं. त्यातलं बरंचसं विसरले. पण एका बाईवर स्वतःचाच पाट चोरल्याची तक्रार झाली होती, ते प्रकरण जसंच्या तसं आठवतं. म्हणून या वहीत लिहून ठेवते. नाव कुणाचंच लिहिणार नाही.

मी पोलीस नव्हते. मुरुडच्या बाजूच्या एका बंदरगावातल्या ठाण्यात मी सफाईचं काम करत होते. आमच्या ठाण्याला महिला पोलीस एकच. ती बंदोबस्तासाठी अलिबागला गेली की चौकशीला आणलेल्या बाईजवळ बसायला मला बोलावत. झाडू ठेवायचा, हात धुवायचे आणि बाकावर तिच्याशेजारी जाऊन बसायचं. "मावशी, लक्ष ठेवा," एवढाच हुकूम असे. बायका साहेबांपुढे बोलत नसत. माझ्यापुढे बोलत, कारण मी त्यांना काहीच विचारत नसे.

आधी आमच्या बाजाराची रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या जुन्या मासळीबाजारात दगडी ओटे होते. प्रत्येकीची बसायची जागा ठरलेली. सासूची जागा सुनेला, आईची जागा मुलीला. त्याला कागद कुठलाच नव्हता. कागदाच्या ठिकाणी पाट. ज्या ओट्यावर ज्या बाईचा पाट, ती जागा तिची. पाटावर बसून कोयत्यावर मासळी कापायची, संध्याकाळी पाट धुऊन घरी न्यायचा.

त्या पाटांवर एक बाई पैसे देत असे. तिला सगळे आक्का म्हणत. साठीच्या घरातली, जेटीवरच्या लिलावात माल उचलणारी मोठी व्यापारीण. अंगाने बारीक, पण आवाज असा की जेटीच्या या टोकाची बाई त्या टोकापर्यंत ऐकू यायची. कुणाला पैशांची नड लागली की ती आपला पाट आक्काकडे ठेवायची आणि पैसे न्यायची. पाट आक्काच्या घरात असेपर्यंत जागा आक्काची. त्या बाईने बसायचं ते आक्काच्या मर्जीने, आणि पाटाशिवाय, गोणपाटावर. त्यामुळे कोण कर्जात आहे ते अख्ख्या बाजाराला दिसायचं. गिऱ्हाईकंसुद्धा ओळखायची. "आज तीसुद्धा गोणीवर आली वाटतं," असं हळूच म्हणायची.

हिशोबही पाटावरच. कर्ज दिलं की पाटाच्या कडेला कोयत्याने खाचा, दहा हजाराला एक. मुद्दलातले हजार परत आले की पाट पालथा करून तापवलेल्या खिळ्याचा एक डाग. व्याज वेगळं, ते रोजच्या विक्रीतून जायचं, त्याला डाग नाही. आक्काची सासू असंच करायची, म्हणून आक्का तसंच करायची. पावती कुणी मागत नसे, कुणी देत नसे.

ज्या बाईची ही गोष्ट, ती कोपऱ्यातल्या ओट्यावर बसायची. तिला मी कोपऱ्यातली म्हणूनच लिहिते. तिच्या मुलीचं बाळंतपण अडलं, अलिबागला नेऊन पोट फाडावं लागलं. त्या दिवशी पहाटे आक्काने तिला तीस हजार दिले होते. पहाटे पाच वाजता, एक शब्द न विचारता. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे आक्काबद्दल जे लिहायचं आहे त्याच्याबरोबर हेही राहायला हवं.

ते पैसे फेडायला कोपऱ्यातलीला तीन वर्षं लागली.

तोवर ग्रामपंचायतीने नवा बाजार बांधायला घेतला. फरशीचे ओटे, नळ, वर पत्रा आणि प्रत्येक ओट्याला नंबर. ठरलं असं की एका सोमवारी ग्रामसेवक यादी करणार. त्या दिवशी जी बाई पाट मांडून आपल्या जागेवर बसलेली असेल, तिच्या नावावर नवा ओटा. पुढची सगळी वर्षं तो नंबर तिचा आणि तिच्या मुलीसुनांचा.

त्या सोमवारच्या आधीच्या शुक्रवारी दुपारी आक्का ठाण्यात आली. ठाणे अंमलदार म्हणून बसलेल्या हवालदारांच्या टेबलापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या घरात चोरी झाली. मागच्या पडवीतून शिरून एक पाट नेलाय आणि कानातले सोन्याचे येल."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "पाट? जेवायचा?"

"जेवायचाच. फणसाचा. पण सोनं पण गेलंय, ते लिवा आधी."

सोनं म्हटल्यावर तक्रार लिहून घेणं भाग होतं. आक्का गेल्यावर हवालदार म्हणाले, "मावशी, बत्तीस वर्षं नोकरी झाली, पाटाचा गुन्हा पहिल्यांदा नोंदवतोय. उद्या कुणी पोळपाटाची तक्रार घेऊन येईल." मी हसले. तो पाट कुणाचा ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

खबर त्याच संध्याकाळी आली. सायकलवरून पाव विकणाऱ्या माणसाने हवालदारांना सांगितलं, आक्का लिलावाला गेलेली असताना कोपऱ्यातली तिच्या मागच्या अंगणातून बाहेर पडली. काखेत गोणीत गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी होतं. शनिवारी सकाळी तिला ठाण्यात बोलावलं. महिला पोलीस बंदोबस्तावर, म्हणून मी बाकावर.

आमचे छोटे साहेब, म्हणजे फौजदार, तरुण होते. आवाज चढवत नसत. त्यांनी विचारलं, "आक्काच्या घरातून पाट तुम्ही नेला?"

"नेला."

हवालदारांनी मान वर केली. इतक्या लवकर कुणी कबूल होत नाही.

"आणि वेल?"

"कसले येल? मी सोन्याकडं कशाला बघू? माझा पाट हाय तो, साहेब. माझ्या सासूचा. माझाच मी आणला."

"तो आक्काकडे गहाण होता?"

"व्हता. फिटलं माझं. गणपतीच्या आधी फिटलं. आक्का म्हनली, यादी झाली की घेऊन जा. मंग परवा कळलं, सोमवारी माझ्या कोपऱ्यात तिच्या बहिनीची पोर बसणार, माझाच पाट मांडून."

"पैसे फिटले याला पुरावा काय?"

तिने आधी हवालदारांकडे पाहिलं. मग म्हणाली, "आक्काला म्हायती हाय."

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. मग सगळ्यांना समजेल असं सावकाश बोलले. "हे बघा बाई. कायद्याच्या पुस्तकात उदाहरणच दिलेलं आहे. माणसाने स्वतःचं घड्याळ गहाण ठेवलं आणि पैसे न फेडता ते गुपचूप उचलून आणलं, तर ती चोरी होते. घड्याळ त्याचं स्वतःचं असलं तरी. पण पैसे फिटले असतील तर वस्तू अडकवून ठेवायचा सावकाराला हक्क नाही, आणि मग ही चोरी राहत नाही. म्हणजे सगळं फिटलं की नाही यावर आहे. तो पाट मला दाखवा."

"न्हाय."

"का?"

"तुम्ही तो ठेवून घ्याल. लाख लावाल. सोमवारी मी कशावर बसू?"

त्यात खोटं काहीच नव्हतं. मुद्देमाल जप्त झाला की त्याला सील लागतं आणि कोर्टाच्या हुकमाशिवाय तो सुटत नाही. साहेबांनी तेही तिला सांगितलं. शिवाय हेही सांगितलं की पाट आणि वेल मिळाले नाहीत, तर सोमवारी सकाळी अटक करून अलिबागला कोर्टात न्यावं लागेल. म्हणजे पाट दिला तरी सोमवार गेला आणि नाही दिला तरी गेला. ती खाली बघत बसली. दुपारपर्यंत तेच प्रश्न आणि तेच उत्तर.

दुपारी साहेब जेवायला गेले. मी तिला पाणी दिलं. तिने अर्धा तांब्या तोंडावर मारला आणि पदराने पुसत म्हणाली, "बाय, तू बाजारात जाशील का संध्याकाळी?"

"जाईन. घरी मासळी न्यायचीच आहे."

"माझ्या शेजारणीला सांग. सोमवारपर्यंत उठू नको म्हनावं."

एवढंच. मी विचारलं नाही.

चारच्या सुमाराला मी बाजारात गेले. कोपऱ्यातला ओटा रिकामा. त्याच्या शेजारी तिची शेजारीण बसली होती, बांगडे मांडून. मोठ्या अंगाची बाई. जवळ गेले तसं माझ्या लक्षात आलं की ती रोजच्यापेक्षा उंच दिसते आहे. बोटभर उंच. पोलीस त्या दिवशी दोनदा त्या बाजारातून फिरून गेले होते. ती दोन पाटांवर बसली होती, एकावर एक.

मी निरोप सांगितला. ती हसली. "उठते कशाला? पाय मोडले तरी न्हाय उठनार. रात्री गोणीत घालून घरी नेते आनि उशाला घेऊन झोपते. माझा म्हातारा म्हनतो, आता मी कुठं झोपू?"

मग हसू मावळलं. इकडे तिकडे बघून ती जरा सरकली आणि खालचा पाट हाताने तिरपा केला. मागची बाजू मला दिसली. काळे गोल डाग, ओळीने.

"तीस हायत," ती म्हणाली. "मुद्दल सगळं फिटलंय तिचं. आनि व्याज तर रोज घेतलंय आक्कानं, मी शेजारीच बसते न्हवं का. तरी पाट देत न्हाय."

मी दहा रुपयांचे बोंबीलसुद्धा न घेता परत निघाले. बाजारापासून ठाण्यापर्यंत पाच मिनिटांची वाट आहे. मला त्या दिवशी बराच वेळ लागला. तिने मला निरोप दिला होता तो विश्वासाने. साहेबांना सांगितलं तर मी तिचा विश्वास मोडला. न सांगितलं तर तो पाट शेजारणीच्या खाली राहणार, आणि तिचं पैसे फिटल्याचं बोलणं फक्त बोलणंच राहणार. ते डाग साहेबांनी पाहायला हवेत असं मला वाटत होतं. पण पाहिल्यावर ते काय समजतील ते मला माहीत नव्हतं. जेटीच्या कठड्याजवळ मी थांबले. तिथे जाळं विणणाऱ्या एकाने विचारलं, "काय मावशी, बरं न्हाय का?" मी म्हटलं, बरं आहे.

साहेबांच्या खोलीत मी आपणहून कधी जात नसे. त्या दिवशी गेले. "साहेब, पाट कुठे आहे ते मला माहीत आहे. त्याच्या मागे हिशोब आहे. पण जिच्याकडे आहे तिला गुंतवू नका."

"शब्द देत नाही, मावशी," साहेब म्हणाले. "बघतो."

त्यांनी दोन पंच घेतले आणि बाजारात जाऊन पंचनामा केला. शेजारणीने पाट स्वतःहून हजर केला असं त्यात लिहिलं. त्यामुळे तिच्यावर काही आलं नाही. सूर्य मावळायच्या आत कोपऱ्यातलीला घरी सोडायचं होतं. ती दारात उभी असतानाच हवालदार पाट घेऊन आत आले. तिने पाटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आणि तशीच पायऱ्या उतरून गेली. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

मुद्देमाल कारकुनाने पाटाला सुतळी बांधली, गाठीवर लाख ओतून शिक्का मारला आणि पाठीमागे खालच्या कोपऱ्यात गुन्हा नंबराचा कागद खळीने चिकटवला. त्यावर पंचांच्या सह्या.

रविवारी सकाळी साहेबांनी दोघींना समोरासमोर बसवलं. आक्का खळ घातलेलं लुगडं नेसून आली होती, कमरेला मोबाईल. टेबलावर पाट.

"आक्का, हा पाट तुमचा?"

"माझाच. याच्यावर बसून मी जेवते."

"जेवायच्या पाटाला कोयत्याचे घाव कसे?"

"लाकूड हाय. घाव पडतात."

"कडेला तीन खाचा आहेत."

"असतील."

"आणि मागचे डाग?"

"वाळवी लागू नये म्हनून चटके दिलेत."

आक्का पैसे देण्याघेण्याचं नाव काढत नव्हती. का, ते साहेब जाणत होते. सावकारीला परवाना लागतो. परवाना नसताना वस्तू गहाण ठेवून पैसे देणं हाच गुन्हा. म्हणून तिने तक्रारीत पाट घरातला सांगितला होता. आता ती तेच धरून बसली होती, आणि ती तेच म्हणत राहिली असती तर साहेबांच्या हातात एका बाईचा शब्द आणि काही काळे ठिपके, एवढंच होतं.

"मावशी," साहेब म्हणाले, "डाग किती आहेत ते मोजून सांगा. जबाबात लिहायचे आहेत."

मी पाटावर वाकले. बोट ठेवून एकेक मोजला. खात्रीसाठी पुन्हा मोजले. दोन्ही वेळा तेवढेच आले. शेजारीण तर तीस म्हणाली होती. मला वाटलं, मी हिचं नुकसानच करते आहे. पण दिसलं ते सांगितलं.

"अठ्ठावीस."

बाकावरून कोपऱ्यातली उभी राहिली. सकाळपासून ती पहिल्यांदा बोलली. "अठ्ठावीस? आक्का, दोन गिळलेस?"

"काय म्हनलीस?"

"दोन हजार गिळलेस माझे! बाळंतिणीला अंडं न्हाय दिलं, ते पैसे आनून दिले तुला, आनि दोन डाग गिळलेस?"

आक्काचा चेहरा बदलला. चोरीचा आळ घेतानासुद्धा तिचा आवाज इतका चढला नव्हता. "जीभ झडंल तुझी! चाळीस वर्षं झाली, एकीचा डाग चुकवला न्हाय मी! एकीचा पन! तीस म्हंजे तीस हायत. शेवटचे दोन तू एकदम आनलंस, कोळंबी चांगली गेली व्हती तवा. दोन डाग जोडीनं मारले मी, माझ्या हातानं. खालच्या कोपऱ्यात." ती टेबलाजवळ आली, मला बाजूला सारलं आणि नखाने गुन्हा नंबराच्या कागदाचा कोपरा उचलला. "हे बघ! हे न्हाय का दोन? कागद चिकटवलाय याच्यावर यांनी!"

कागदाखाली दोन काळे डाग होते, एकमेकांना लागून.

जबाब लिहिणाऱ्या हवालदारांचं पेन कागदावर टेकलेलं होतं. आक्काचा हात अजून पाटावर होता. तिला काय झालं ते हळूहळू कळलं असावं, कारण तिने तो हात सावकाश उचलून घेतला आणि पदरात गुंडाळला.

"लिहा," साहेब म्हणाले. "तीस हजार दिले. तीस हजार परत आले. डाग तक्रारदाराने स्वतः मारले."

"व्याज राह्यलंय तिचं," आक्का म्हणाली. आवाज आता लहान झाला होता.

"किती राहिलं?"

ती पाटाकडे बघत राहिली. व्याजाला डाग नव्हता.

"परवाना आहे तुमच्याकडे?"

"न्हाय."

"वेल?"

"घरात डब्यात हायत," आक्का खिडकीकडे बघत म्हणाली. "सोन्याचं लिवल्याबिगर तुम्ही पाटाचं लिवून घेतलं असतं का?"

हवालदारांनी खाली मान घातली. ते खरंच होतं.

जबाबावर सही करताना आक्काने साहेबांना विचारलं, "पहाटे पाच वाजता ती माझ्या दारात रडत आली, तवा तुमचा परवानावाला कोन देनार व्हता तिला तीस हजार? कुठल्या बँकेचं दार उघडं व्हतं?"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "कुणी दिले नसते, आक्का. परवाना असेल तर मुद्दल मागायचा हक्क कायद्यातही आहे. परवाना काढला असता, वही ठेवली असती, पावती दिली असती, तर आज मी तुमच्या बाजूने उभा असतो. पण पैसे फिटल्यावर तिची जागा दाबून ठेवायचा हक्क कुणालाच नाही."

तरीही पाट काही सुटत नव्हता. साहेबांना तो त्या दिवशी देता येत नव्हता, कोर्टाचा हुकूम लागणार होता. मग त्यांनी ग्रामसेवकाच्या नावाने एक पत्र लिहिलं. कोपऱ्यातल्या ओट्यावर वापरला जाणारा फणसाचा पाट पोलिसांकडे मुद्देमाल म्हणून जमा आहे, तो अमुक बाईचा असल्याचे व त्या जागेवर तीच बसत असल्याचे उभयतांच्या जबाबावरून दिसून येते, अशा अर्थाचं. खाली सही, शिक्का. तिच्या सासूच्या वेळेपासून त्या जागेबद्दल कुणी लिहिलेला हा पहिला कागद.

सोमवारी मी मुद्दाम बाजारात गेले. लांब उभी राहिले. कोपऱ्यातली नुसत्या दगडावर बसली होती, खाली गोणीसुद्धा न घेता. आक्काची भाची नवा कोरा पाट घेऊन आली होती. ती समोर उभी राहिली, पण ओट्यावर चढली नाही. बायका कोयते थांबवून बघत होत्या.

ग्रामसेवक वही घेऊन आले. "पाट कुठाय, बाई?"

तिने पत्र पुढे केलं. "हितं लिवलंय, भाऊसाहेब. मोठ्यानं वाचा."

त्यांनी वाचलं. वाचून झाल्यावर त्यांनी पत्र घडी करून वहीत ठेवलं आणि तिचं नाव लिहिलं. तिने विचारलं, "नंबर काय?" ते म्हणाले, "सात." ती म्हणाली, "माझ्या म्होरं लिवा." त्यांनी तिला दिसेल असा आकडा काढून दाखवला. शेजारणीने आपल्या पाटावर मूठ आपटली. भाची नवा पाट घेऊन निघून गेली.

त्याच आठवड्यात सावकारीवर लक्ष ठेवणाऱ्या सहायक निबंधकांच्या कार्यालयातली माणसं पोलीस घेऊन आक्काच्या घरी झडतीला गेली. घरात बायका, म्हणून मलाही नेलं. दोन माणसांच्या घरात आठ पाट निघाले, माजघरात भिंतीला लावून ठेवलेले. कपाट, ट्रंक, देवघर सगळं पाहून एक कारकून दमून त्यातल्याच एका पाटावर बसला होता. मी त्याला उठवलं आणि पाट पालथा केला.

ते आठही पाट पुढे त्या त्या बायकांना मिळाले. चौघींचे पैसे पुरते फिटले नव्हते. कर्ज बिनपरवाना, म्हणून कायद्याने त्यांना आता काही देणं नव्हतं. तरी त्यातल्या तिघी हळूहळू आक्काला मुद्दल देत राहिल्या, हे मला ठाऊक आहे. एकीला मी विचारलं, तर ती म्हणाली, "अडल्या वेळी घेतलेत गं. व्याज न्हाय देत आता. पर कागदावर लिवून घेते." आक्कावर खटला झाला. लिलावाला ती पुढेही यायची, पण जेटीच्या दुसऱ्या टोकाला तिचा आवाज पोचत नसे.

कोपऱ्यातलीवरचा चोरीचा गुन्हा साहेबांनी बंद करायला पाठवला आणि तो बंद झाला. पण ती माझ्याशी बोलत नव्हती. मी बाजारात गेले की ती दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागे. सात-आठ महिने असंच गेलं. मी तिच्याकडून मासळी घेणं सोडलं नाही, तिने द्यायचं सोडलं नाही, फक्त बोलणं नव्हतं.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. आक्काने हिशोबात कधीच खोटं केलं नाही. डाग सगळे खरे होते. पण ते ज्या पाटावर होते तो पाट आक्काच्या घरात होता. पैसे फेडणारीच्या हातात काहीच नव्हतं. तेव्हापासून मी माझ्या बचत गटाच्या पुस्तकावर दर महिन्याला समोर उभी राहून सही घेते. बायका म्हणतात, मावशी, आमच्यावर विश्वास नाही का. मी म्हणते, आहे, पण सही करा. आणि मी ज्यांना उसने देते त्यांनाही परत आल्यावर चिठ्ठी लिहून देते, माझ्या वाकड्या अक्षरात.

मी निवृत्त झाले त्या सुमाराला कोर्टाचा हुकूम येऊन तिचा पाट सुटला. मी बाजारात गेले तेव्हा ती सात नंबरच्या ओट्यावर, फरशीवर पाट टाकून बसली होती. मांदेली घेतली. पैसे दिले. मी निघणार तोच ती म्हणाली, "बस जरा, बाय."

मी ओट्याच्या कडेला टेकले.

"तू साहेबाला सांगितलंस ना, त्या दिवशी मला वाटलं, तुला जेटीवरून ढकलून द्यावं."

"मला माहीत आहे."

"अजून वाटतं कधी कधी." ती हसली. मग उठली, पाट उचलून पालथा केला. लाख फुटून गेली होती, सुतळीही नव्हती. पण खालच्या कोपऱ्यात गुन्हा नंबराचा कागद होता, मासळीच्या पाण्याने पिवळा पडलेला, एका बाजूने उचललेला. आक्काच्या नखाने उचलला होता तसाच.

"हा काढला नाहीस?" मी विचारलं.

"न्हाय. कशाला?" तिने ओल्या अंगठ्याने कागदाची उचललेली कड दाबून बसवली. "खाली दोन हायत, मला म्हायती हाय. आनि आता पाट माझ्याकडं हाय."

तिने पाट सरळ केला, त्यावर बसली आणि कोयता पुढे ओढला.